सिंगापूरहून निघणाऱ्या क्रूझवरचे खाणे आणि चहा : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

सिंगापूरहून निघून मलाक्काच्या सामुद्रधुनीतून मलेशियातल्या पेनांग आणि थायलंडमधल्या फुकेतपर्यंत जाऊन परत येणारी तीन-चार रात्रींची क्रूझ ही अनेक मराठी कुटुंबांची पहिली समुद्रसफर असते. तिकिटात राहणे आणि जेवण दोन्ही धरलेले असल्यामुळे निघण्यापूर्वी विमान, व्हिसा आणि कपडे यांचाच विचार होतो, आणि खाण्याचा प्रश्न 'तिथे सगळे मिळते' या एका वाक्यावर सोडून दिला जातो. सगळे मिळते हे खरेच आहे. मात्र ते कोणत्या मजल्यावर, किती वाजता, कोणाला आधी सांगून आणि किती जादा पैशांत मिळते हे ठाऊक नसेल, तर शाकाहारी माणूस पाव-लोण्यावर दिवस काढतो, मांसाहारी माणूस पहिल्याच दुपारी बुफेवर तुटून पडून रात्रीचे चांगले जेवण गमावतो, आणि चहाबाज मंडळी कोमट पाण्यात पिशवी बुडवून खट्टू होतात. पुढील सूचना प्रवासाच्याच क्रमाने दिल्या आहेत.

तिकीट काढताना

जहाज निवडताना केबिनच्या आकाराइतकीच चौकशी स्वयंपाकघराची करावी. सिंगापूरहून निघणाऱ्या जहाजांवर भारतीय प्रवासी मोठ्या संख्येने असतात, त्यामुळे बुफेत भारतीय पदार्थांचा वेगळा विभाग असणे आणि जैन जेवणाची सोय असणे आता नवलाईचे राहिलेले नाही. तरीही ही सोय प्रत्येक जहाजावर आणि प्रत्येक जेवणाला सारखीच असते असे गृहीत धरू नये. आपला आहार आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावा, कारण बहुतेक कंपन्या खास आहाराची मागणी प्रस्थानाच्या काही आठवडे आधी मागतात; जहाज एकदा बंदरातून सुटले की भांडारात नसलेली वस्तू आणायला कोणी बाजारात जाऊ शकत नाही.

कळवताना केवळ 'व्हेजिटेरियन' एवढेच लिहून थांबू नये. पाश्चात्त्य स्वयंपाकघरात या शब्दात अंडे सहज बसते, आणि सूपसाठी कोंबडीचा अर्क, सीझर सॅलडच्या मिश्रणात अँकोव्ही मासा, मूस किंवा पन्ना कोटा या गोड पदार्थांमध्ये प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेले जिलेटिन हे प्रकार अनवधानाने पानात येऊ शकतात. 'अंडे, मासे, कोंबडीचा अर्क आणि जिलेटिन चालत नाही' असे वस्तूंच्या नावांनिशी लिहिलेले केव्हाही बरे. कांदा, लसूण आणि कंदमुळे वर्ज्य असतील तर तेही याच यादीत यावे. शेंगदाणा, दूध, गहू किंवा कोळंबीची ॲलर्जी असेल तर ती वेगळ्या ओळीत, ठळकपणे लिहावी, कारण आवड आणि ॲलर्जी यांना स्वयंपाकघर वेगवेगळ्या पद्धतीने हाताळते.

याच टप्प्यावर पेयांच्या 'पॅकेज'चा आग्रह सुरू होतो. साधा चहा, साधी कॉफी, पाणी आणि न्याहारीचे रस बहुतेक जहाजांवर तिकिटातच असतात. बाटलीबंद पाणी, थंड पेये, यंत्रावरची खास कॉफी आणि मद्य यांचे पैसे वेगळे पडतात. मद्याचे पॅकेज घेतल्यास एका केबिनमधल्या सर्व प्रौढांनी ते घ्यावे, अशी अट अनेक कंपन्या घालतात. ज्या घरात एकच जण संध्याकाळी एखादा पेला घेतो, त्या घराला हे पॅकेज क्वचितच परवडते. त्या-त्या पेल्याचे पैसे देऊन प्यावे.

सामान भरताना

विजेची किटली, पाणी तापवण्याचा रॉड, छोटी शेगडी यांपैकी काहीही नेऊ नये. समुद्रात आगीइतके मोठे संकट दुसरे नाही, म्हणून उष्णता निर्माण करणारी उपकरणे सामानाच्या तपासणीत काढून घेतली जातात आणि प्रवास संपल्यावरच परत मिळतात. काही जहाजांवर केबिनमध्ये कंपनीची स्वतःची किटली असते. तशी असेल तर ती वापरावी, पण तिच्यात दूध उकळण्याचा किंवा नूडल्स शिजवण्याचा प्रयोग करू नये.

चहासाठी थोडीच, पण नेमकी तयारी करावी. आपल्या सवयीच्या चहाच्या पिशव्या, वेलदोडा-सुंठीचा चहा मसाला लहानशा डबीत, दूध-साखर घातलेल्या तयार चहाची दहा-बारा पाकिटे आणि झाकण घट्ट बसणारा थर्मास एवढ्यावर काम भागते. घरची सुटी चहापूड नेण्याचा मोह होतो, पण जहाजावर आधण ठेवायची सोय नसते आणि गाळणीचा चोथा केबिनच्या बेसिनमध्ये टाकला की तुंबणे ठरलेले.

खाऊ नेताना कारखान्यात बंद केलेली पाकिटेच न्यावीत, आणि तीही मोजकी. खाकरा, भडंग, राजगिऱ्याची चिक्की, कोरडी शेंगदाणा चटणी हे प्रकार सोयीचे. इथे एक इशारा महत्त्वाचा आहे. खसखशीत मॉर्फीनचा अंश असू शकतो, म्हणून सिंगापूरमध्ये तिच्यावर कडक निर्बंध आहेत. प्रवासापुरते अनारसे, डिंकाचे लाडू किंवा खसखस घातलेल्या करंज्या घरीच ठेवाव्यात. चघळण्याची तंबाखू आणि गुटखा तिथे बेकायदा आहे, आणि च्युइंग गमची आयात 1992 पासून बंद आहे. ज्यांना जेवणानंतर तोंडात काही लागते त्यांनी साधी बडीशेप न्यावी.

पहिला दिवस

मरिना बे क्रूझ सेंटर या सिंगापूरच्या टर्मिनलमधून जहाजावर चढल्यावर सर्व प्रवासी एकाच दिशेने, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या बुफेकडे निघतात. त्या तासाभरात तिथे बसायला जागा मिळणे कठीण असते. काही जहाजांवर त्याच वेळी खालच्या मजल्यावरचे मुख्य भोजनगृहही दुपारच्या जेवणासाठी उघडे असते आणि तिथे निवांतपणे वाढले जाते. चढताच ही चौकशी करावी. बुफेतच जायचे ठरले तर रिकाम्या हाताने संपूर्ण फेरी मारावी, भारतीय विभाग कुठे आहे, फळे कुठे आहेत, गरम पाण्याचे यंत्र कुठे आहे हे पाहून ठेवावे आणि मगच ताट उचलावे. रांगेतल्या पहिल्या तीन भांड्यांनीच ताट भरून बसणे हे नवख्या माणसाचे हमखास लक्षण आहे.

आत शिरण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. दाराशी ठेवलेला अल्कोहोलचा द्राव पुरेसा वाटतो, परंतु जहाजांवर पोटाच्या साथी पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर तो फारसा परिणाम करत नाही. साबण आणि वाहते पाणीच उपयोगी पडते.

त्याच संध्याकाळी मुख्य भोजनगृहातल्या मुख्य वाढप्याला भेटून आपण आधी कळवलेला आहार त्याच्या नोंदीत आहे की नाही याची खात्री करून घ्यावी. हा पाच मिनिटांचा संवाद सगळ्या प्रवासाचे जेवण ठरवतो. अनेक जहाजांवर उद्याचे पदार्थ आदल्या रात्री दाखवून खास आहारवाल्यांची मागणी नोंदवून घेतली जाते, त्यामुळे जैन किंवा बिनअंड्याचे जेवण वेळेवर आणि गरम येते. ठरावीक वेळेची आणि ठरावीक टेबलाची पद्धत असेल तर ती जरूर निवडावी; रोज तोच वाढपी असला की दुसऱ्या दिवसापासून त्याला आपले पथ्य आणि चहाची वेळ दोन्ही पाठ होतात. या वाढप्यांत आणि स्वयंपाक्यांत गोव्याचे, मुंबईचे आणि कोकणचे लोक भेटण्याची शक्यता बरीच असते. ओळख निघाल्याचा आनंद जरूर व्यक्त करावा, मात्र ही माणसे महिनोन्महिने घरापासून दूर राहून दिवसाचे लांबलचक तास राबतात, हे लक्षात ठेवून ओळखीच्या जोरावर रात्री अकरा वाजता पिठलं-भाकरीची फर्माईश करू नये.

मुख्य भोजनगृहात रात्री चप्पल, बर्म्युडा आणि बिनबाह्यांचा बनियन चालत नाही. साडी, सलवार-कमीज किंवा कुर्ता-पायजमा औपचारिक रात्रीलाही शोभतो, त्यामुळे सूट विकत घेण्याची गरज नाही. पदार्थ टप्प्याटप्प्याने येतात आणि साधारणपणे दोन सुरुवातीचे पदार्थ मागवले किंवा आवडलेला पदार्थ पुन्हा मागितला तरी वेगळे पैसे पडत नाहीत, तेव्हा संकोच करू नये. ज्याच्यापुढे किंमत छापली आहे तेवढाच पदार्थ जादा पैशांचा समजावा.

चहा

आपल्या माणसांची जहाजावरची तक्रार जेवणापेक्षा चहाबद्दल अधिक असते, आणि तिची कारणे साधी आहेत. बुफेच्या यंत्रातले पाणी गरम असते पण खळखळते नसते, आणि काळ्या चहाचा अर्क नीट उतरायला उकळीच्या जवळचे पाणी लागते. त्यातच शेजारी ठेवलेले दूध थंड असते, ते ओतताच कप आणखी निवतो. जहाजावरचे पाणी बव्हंशी समुद्राचे पाणी शुद्ध करून किंवा बंदरात भरून घेऊन क्लोरीनने निर्जंतुक केलेले असते, त्याचीही चव थोडी वेगळी लागते.

यावर उपाय पुढीलप्रमाणे करावा. यंत्राचे पाणी घेण्याऐवजी वाढप्याकडे 'उकळते पाणी, किटलीत' असे मागावे. मुख्य भोजनगृहात न्याहारीला बसल्यास ही किटली टेबलावर येते. कप आधी गरम पाण्याने विसळावा. एका कपाला दोन पिशव्या घालून वर बशी झाकावी आणि चार-पाच मिनिटे अजिबात हात लावू नये. दूध गरम मागावे. कॉफीच्या काउंटरवर वाफेने तापवलेले दूध मिळते, पण ते मोफत आहे की नाही हे आधी विचारावे. चिमूटभर चहा मसाला शेवटी घालावा. एवढे करूनही तो घरच्या पातेल्यातला चहा होत नाही, पण सकाळ सुधारते. भारतीय विभागात उकळलेला मसाला चहा ठेवत असतील तर तो न्याहारीच्या सुरुवातीलाच घ्यावा, कारण दोन तास तापत राहिलेला चहा कडू होतो.

सकाळच्या पहिल्या चहाबाबत वेळेचाही विचार करावा. सिंगापूरचे घड्याळ भारताच्या अडीच तास पुढे आहे. तिथे सात वाजता न्याहारी सुरू होते तेव्हा आपले शरीर साडेचार वाजल्याचे समजत असते, आणि पहिल्या दिवशी भूक लागत नाही याचे कारण तेच. अशा वेळी बळेच खाऊ नये. उलट, रात्री लवकर भूक लागेल असे समजून पाच-साडेपाचची जेवणाची पहिली वेळ निवडणारे पस्तावतात, कारण तेव्हा पोटाला दुपारच अजून सरलेली नसते.

दुपारी चारच्या सुमारास अनेक जहाजांवर इंग्रजी पद्धतीचा चहा मांडला जातो. स्कोन, काकडीचे सँडविच, लहान केक असा त्याचा थाट असतो. बऱ्याच प्रवाशांना याचा पत्ताही नसतो, कारण तो जहाजाच्या दैनंदिन कार्यक्रम-पत्रकात एका ओळीत छापलेला असतो. व्यक्तिशः मला संपूर्ण क्रूझवरचे हे सर्वांत सुखाचे जेवण वाटते. त्या वेळी गर्दी पोहण्याच्या तलावावर असते, खिडकीपाशी जागा मिळते, आणि पाणी बहुधा खरोखरच उकळलेले असते.

समुद्रातला दिवस

ज्या दिवशी जहाज कोणत्याच बंदराला लागत नाही, त्या दिवशी 'पैसे वसूल' करण्याची वृत्ती बळावते. न्याहारी, अकराचे आइस्क्रीम, जेवण, पिझ्झा, चहा, रात्रीचे जेवण आणि मध्यरात्रीचा बुफे या साखळीत कोणालाही कशाचीच चव लागत नाही. दिवसातले एकच जेवण मुख्य ठरवावे आणि बाकीची हलकी ठेवावीत, हा माझा स्पष्ट सल्ला आहे. न्याहारी फळांची ठेवली तर या भागातली फळे मनसोक्त खाता येतात. पपई, अननस आणि ड्रॅगन फ्रूट रोज असते. रंबुतान आणि मँगोस्टीन दिसले तर सोडू नये. मँगोस्टीन हे आपल्या कोकमाच्याच कुळातले फळ असून त्याच्या जाड जांभळ्या सालीचा डाग कपड्यावरून जात नाही.

मलाक्काची सामुद्रधुनी सुमात्रा बेट आणि मलाय द्वीपकल्प यांच्या आडोशाने बहुधा शांत असते. फुकेतकडे वळल्यावर अंदमान समुद्र लागतो आणि मे ते ऑक्टोबर या नैर्ऋत्य मोसमी काळात तिथे जहाज हलते. बोट लागणाऱ्यांनी पोट पूर्ण रिकामे ठेवू नये. कोरडी बिस्किटे, हिरवे सफरचंद, आल्याचा कोरा चहा थोडा थोडा घ्यावा आणि तळलेले पदार्थ व दूध टाळावे. जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर हालचाल कमी जाणवते, म्हणून त्या दिवशी वरच्या बुफेपेक्षा खालचे भोजनगृह बरे. औषध घ्यायचे असल्यास ते त्रास सुरू होण्याआधी, डॉक्टरांना विचारून घ्यावे.

उपवास करणाऱ्यांना साबुदाणा मिळणार नाही. फळे, दूध, सुका मेवा आणि बरोबर नेलेली चिक्की यांवर दिवस निभावतो. संकष्टी आली तर मुंबईची चंद्रोदयाची वेळ तिथे लागू पडत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

बंदरावर

जहाजावर तीन वेळा फुकट जेवण असताना किनाऱ्यावर पैसे देऊन कशाला खायचे, असा प्रश्न हमखास निघतो. पेनांग आणि फुकेत ही दोन्ही बंदरे खाण्यासाठी जगभर ओळखली जातात, आणि जहाजाच्या स्वयंपाकघराला हजारो जणांसाठी रांधताना ती चव आणता येत नाही. त्या दिवशी न्याहारी अर्धी करावी आणि भूक किनाऱ्यासाठी राखून ठेवावी.

पेनांगला जहाज जॉर्ज टाउनच्या स्वेटनहॅम धक्क्याला लागते. 2008 पासून जागतिक वारसा यादीत असलेले जुने शहर धक्क्यासमोरच सुरू होते आणि तिथला लिटल इंडिया भाग पायी गाठता येतो. शाकाहाऱ्यांनी सरळ तिकडे जावे. 1833 साली बांधलेल्या महामारिअम्मन मंदिराच्या परिसरातल्या गल्ल्यांत तमिळ पद्धतीचे शाकाहारी जेवण मिळते. मांसाहाऱ्यांनी नासी कंदार खावे. तमिळ मुसलमान विक्रेते खांद्यावरच्या कावडीतून भात आणि रस्से घेऊन हिंडत, त्यातून हा प्रकार रुजला. भातावर दोन-तीन रस्से एकत्र ओतून घेण्यातच त्याची खरी मजा आहे. 'चार क्वे त्याव' या परतलेल्या नूडल्समध्ये कोळंबी आणि शिंपल्यांबरोबर अनेकदा डुकराची चरबी असते, आणि आसाम लाक्सा हा चिंचेच्या आंबट रश्शाचा प्रकार माशाशिवाय होत नाही. शाकाहारी दिसणाऱ्या भाजीतही वाटलेल्या सुकटीचा बलाचान मिसळलेला असू शकतो, तेव्हा विचारल्याशिवाय घेऊ नये. चेंडोल मात्र निश्चिंतपणे खावे. बर्फाचा कीस, नारळाचे दूध, ताडगूळ, लाल राजमा आणि पानदान या सुवासिक पानाच्या रंगाच्या हिरव्या शेवया एवढेच त्यात असते.

चहाबाजांसाठी पेनांग आणि सिंगापूर ही खरी पर्वणी आहे, फक्त मागण्याची रीत माहीत हवी. नुसते 'तेह' म्हटले की कंडेन्स्ड दूध घातलेला, आपल्या मानाने अतिगोड चहा येतो. 'तेह ओ' म्हणजे साखर घातलेला कोरा चहा, 'तेह सी' म्हणजे आटवलेले बिनसाखरेचे दूध आणि वेगळी साखर घातलेला चहा. पुढे 'कोसोंग' जोडले तर साखर वगळतात, सिंगापुरात 'स्यू दाय' म्हटले तर ती कमी करतात, 'हालिया' म्हणजे आले आणि 'पेंग' म्हणजे बर्फ. 'तेह तारिक' हा दोन मगांत उंचावरून ओतून फेसाळ केलेला चहा एकदा प्यावाच, पण मधुमेह असणाऱ्यांनी 'तेह सी कोसोंग' मागावा. घरी नेण्यासाठी पेनांगच्या दुकानांत मलेशियातल्याच कॅमेरॉन हायलँड्स या डोंगराळ भागातल्या मळ्यांतला चहा मिळतो. बोह ही तिथली 1929 पासूनची कंपनी आहे.

फुकेतला अनेक जहाजे पातोंगच्या उपसागरात नांगर टाकतात आणि प्रवाशांना लहान होड्यांनी किनाऱ्यावर नेतात. थाई स्वयंपाकात मासळीचा सॉस जवळजवळ मिठासारखा वापरतात, म्हणून शाकाहाऱ्यांनी 'जे' ही खूण शोधावी. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत ती लिहिलेली असते. 'जे' जेवणात मांस, मासे, अंडी, दूध यांबरोबर कांदा आणि लसूणही वर्ज्य असतो, त्यामुळे कांदा-लसूण न खाणाऱ्या प्रवाशांनाही ते सोयीचे पडते. मात्र त्यात कंदमुळे असू शकतात. साध्या दुकानात 'माय साय नाम प्ला', म्हणजे मासळीचा सॉस घालू नका, एवढे म्हणावे. तिथला नारिंगी थंड चहा 'चा येन' या नावाने मिळतो आणि तोही फार गोड असतो. 'वान नॉय' म्हटले की साखर कमी घालतात.

येथे घड्याळाचा एक सापळा आहे. थायलंडची वेळ सिंगापूरच्या एक तास मागे असते आणि किनाऱ्यावर पोहोचताच मोबाइल स्वतःहून थाई वेळ दाखवू लागतो, परंतु जहाज बरेचदा स्वतःच्याच वेळेने चालते. परतीची वेळ जहाजाच्या घड्याळाने पाहावी आणि होडीच्या रांगेसाठी हाताशी वेळ ठेवूनच जेवायला बसावे. जहाजावरून फळे, सँडविच किंवा मांसाचे पदार्थ किनाऱ्यावर नेऊ नयेत, आणि किनाऱ्यावरून दुरियान हे उग्र वासाचे फळ आणू नये. त्याच्या वासामुळे ते जहाजावर चढू देत नाहीत, आणि सिंगापूरच्या मेट्रोतही त्याला बंदी आहे.

शेवटची सकाळ

आदल्या रात्री जहाजावरच्या खर्चाच्या खात्याचे विवरण तपासावे. बाटलीबंद पाणी, खास कॉफी आणि दररोजची सेवाशुल्काची रक्कम त्यात असते. न घेतलेल्या वस्तूची नोंद दिसली तर ती स्वागतकक्षात रात्रीच दाखवावी, कारण सकाळी तिथे लांब रांग असते. उतरण्याच्या दिवशी बुफे लवकर बंद होतो आणि तिथे सामानासह आलेल्या माणसांची दाटी असते, म्हणून केवळ चहा आणि एखादे फळ घेऊन उतरावे. टर्मिनलजवळच्या मरिना साउथ पिअर स्थानकावरून मेट्रोने सिंगापूरच्या लिटल इंडियाला जाता येते; सेरंगून रस्त्यावर 1947 पासून चालू असलेल्या कोमला विलास या उपाहारगृहात डोसा आणि फिल्टर कॉफी मिळते, आणि जवळच्या टेक्का सेंटर या बाजारात 'तेह हालिया' मागता येतो.